नोटीस चिकटवली, पुढं काय?

दरवर्षी मे महिना संपत आला की सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो आणि पेपरात धोकादायक इमारतींची बातमी येते. मग उत्तर कसबा, शुक्रवार पेठ, साखर पेठ अशा जुन्या वस्त्यांतल्या वाड्यांच्या भिंतींवर कागद चिकटतात. मजकूर सगळीकडे सारखाच असतो. इमारत धोकादायक झाली आहे, ती उतरवून घ्या किंवा रिकामी करा, अन्यथा होणाऱ्या जीवित आणि वित्तहानीस आपण जबाबदार राहाल. पहिल्या दोन सरींत शाई पसरते, तिसऱ्या सरीत कागद गळून पडतो. माणसं तिथंच राहतात. पुढच्या मे महिन्यात नवा कागद येतो.

हा कागद लिहिणाऱ्याच्या बचावासाठी लिहिलेला आहे, वाचणाऱ्याच्या नव्हे, असं माझं म्हणणं आहे. त्यातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. 'आपण जबाबदार राहाल.' इमारतीचा कुठला भाग कच्चा आहे, कोणी तपासला, कधी तपासला, दुरुस्तीने भागेल की पाडावीच लागेल, घर सोडलं तर रात्री झोपायचं कुठं, भाडेकरूचा हक्क कसा टिकेल, यातलं काहीही त्या कागदावर नसतं. फक्त एवढंच असतं की उद्या काही झालं तर आम्ही सांगितलं होतं.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर ज्याची ड्यूटी असेल त्याचा फोन वाजतो. त्याने 'मी बघतोय' असं बटण दाबलं नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा वाजतो. तरी नाही उचलला तर त्याच्या वरच्याचा वाजतो. म्हणजे कोणाच्या तरी मोबाइलवर पिझ्झाची ऑर्डर अडकू नये म्हणून जगभर ही यंत्रणा बसवलेली आहे. आणि चाळीस माणसं झोपलेल्या इमारतीसाठी आपल्याकडे खळ लावलेला एक कागद आहे. व्हॉट्सॲप वापरणाऱ्या शाळकरी पोरालाही कळतं की एक टिक म्हणजे पाठवलं, दोन टिक म्हणजे पोचलं आणि निळी टिक म्हणजे वाचलं. आपला सगळा सुरक्षेचा कारभार एका टिकवर चाललेला आहे.

कायदा काय म्हणतो

कायदा नाही म्हणून हे होतं असं समजू नका. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 सालचा आहे. त्याच्या कलम 264 नुसार पडायला आलेल्या इमारतीबद्दल आयुक्त मालकाला किंवा तिथं राहणाऱ्याला नोटीस देऊ शकतात. नंतर याच कायद्यात कलम 265-अ आलं. तीस वर्षं ओलांडलेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणं मालकावर किंवा भोगवटादारावर बंधनकारक झालं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत तर याहून पुढचं लिहिलंय. इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडली की तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट. आगीसाठी 2006 चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्याच्या कक्षेत येणाऱ्या इमारतींनी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून 'फॉर्म बी' द्यायचा असतो.

कायदे वाचून समाधान वाटतं. मग प्रत्यक्षात काय पडलं ते बघा. 24 ऑगस्ट 2020 ला महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. 16 माणसं गेली. इमारत जेमतेम सात वर्षांची होती. ऑगस्ट 2025 मध्ये विरारमध्ये रमाबाई अपार्टमेंट पडली. 17 माणसं गेली. ती इमारतही बारा-तेरा वर्षांचीच. 4 एप्रिल 2013 ला मुंब्र्याजवळच्या लकी कंपाउंडमध्ये बांधकाम चालू असतानाच इमारत पत्त्यासारखी खाली आली आणि 74 जण मेले. या तिन्ही इमारतींना तीस वर्षांची अट लागू झाली नसती, पंधरा वर्षांचीही नाही. म्हणजे वय हा एकच निकष धरून बसलो तर नवी आणि वाईट बांधलेली इमारत चाळणीतून निसटणारच. तिथं पहिली सूचना रहिवाशांकडूनच येऊ शकते. तडा कोणाला आधी दिसतो? त्या खोलीत झोपणाऱ्याला. पण त्याने ती सूचना द्यायची कुठं आणि तिचं पुढं काय झालं हे बघायचं कुठं, याची सोय कुठल्याही कलमात धड नाही.

कपाटातला रिपोर्ट

आता सोसायट्यांकडे वळू. सगळा दोष महापालिकेवर ढकलणं सोपं आहे. पण सहकारी संस्था म्हणजे कोण? आपणच. सभासद आपण, कमिटी आपली, पैसा आपला. तरीही इमारतीची खरी अवस्था सगळ्यात जास्त लपवली जाते ती तिथंच.

माझे आईवडील राहतात त्या सोसायटीचं नाव सांगत नाही. तुमच्या सोसायटीचं नाव घातलंत तरी चालेल. इमारत तिशीला आलेली. ऑडिट झाल्याचं ऐकून मी रिपोर्टची प्रत मागितली. उत्तर आलं, "अरे, रिपोर्ट चांगलाय. तू तिकडं पुण्यात, इथलं आम्ही बघतो की." पुन्हा मागितली तर, "सगळ्यांना दाखवलं तर बायामाणसं घाबरतील." तिसऱ्यांदा मागितली तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पडला की बाहेरगावी राहणाऱ्या मुलांनी इथल्या वातावरणात विष कालवू नये. त्याच ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाचं फूल येतं, कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस येतो, पाणी किती वाजता येणार ते येतं. पार्किंगच्या कॉलमचं प्लास्टर सुटून आतली सळई गंजलीय, हे मात्र येत नाही.

यात कमिटीतले काका वाईट आहेत असं नाही. ते पगार न घेता काम करतात, उन्हातान्हात टँकर बोलावतात, लाइट गेली की वायरमनला फोन करतात. प्रश्न समजुतीचा आहे. रिपोर्ट हा आपल्याकडे सोपवलेला सगळ्यांचा कागद आहे, तो आपला खासगी नाही, ही समजूतच नाही. आणि रिपोर्ट उघड झाला की पुढचा प्रश्न पैशाचा येतो. तोच खरा अडसर आहे.

हिशेब करून बघू. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी म्हणून प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड म्हणून किमान 0.25 टक्के दरवर्षी जमा व्हायला हवेत. फ्लॅटचा बांधकाम खर्च दहा लाख धरला तर वर्षाला साडेसात हजार आणि अडीच हजार, मिळून दहा हजार. महिन्याला सव्वाआठशेच्या वर, तेही फक्त दुरुस्ती आणि भविष्यासाठी. झाडू, पंप, वॉचमन वेगळे. आता तुमच्या सोसायटीचा महिन्याचा एकूण मेंटेनन्स किती आहे ते आठवा. पाचशे? त्या पाचशेसाठीही सभेत तासभर भांडण होतं. चोवीस फ्लॅटच्या सोसायटीत वर्षाला दोन लाख चाळीस हजार जमायला हवेत. वीस वर्षांत ते अठ्ठेचाळीस लाख होतात, व्याज सोडून. ते जमलेले नसतात म्हणून रिपोर्ट कपाटात जातो. रिपोर्ट वाचला की वर्गणी काढावी लागते.

सोलापूरचं वेगळं काय

मुंबई-ठाण्याच्या बातम्या वाचून आपल्याला वाटतं की हे खाडीकाठच्या दमट शहरांचं दुखणं आहे, आपली दगडी काळी माती मजबूत आहे. सोलापूरचे धोके वेगळे आहेत, एवढंच.

पहिला धोका पाण्याचा. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, हे सोलापूरकराला नव्याने सांगायला नको. उजनी भरलेलं असलं तरी नाही. म्हणून प्रत्येक घर आपली वेगळी टाकी गच्चीवर चढवतं. एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. चोवीस फ्लॅटनी एकेक टाकी वाढवली तर चोवीस टन. मूळ नकाशा काढणाऱ्याने ते धरलं होतं का, हे विचारायला कोणी जात नाही. शिवाय टाकी भरून वाहते, पाणी स्लॅबमध्ये मुरतं, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट सोडते. पाणीपुरवठ्याचा विभाग एका टेबलावर, बांधकाम परवान्याचा दुसऱ्या. पाण्याचं वेळापत्रक स्लॅबवर काय परिणाम करतं, हा प्रश्न कोणत्याच टेबलाचा नाही.

दुसरा धोका घर आणि कारखाना एकत्र असण्याचा. 18 मे 2025 ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. आठ माणसं गेली. मालकाच्या कुटुंबातलं तान्हं मूलही त्यात होतं. माणसं कारखान्याच्या आवारातच राहत होती. पूर्व भागात खाली माग आणि वर संसार ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. सूत, कापूस, रंग, जुनी वायरिंग आणि जिन्यात रचलेले गठ्ठे. हे घर आहे की उद्योग, आणि त्याची जबाबदारी कोणत्या खात्याची, यावर वाद घालता येईल. आगीला तो वाद कळत नाही.

तिसरा धोका हद्दीचा. शहरालगत कुंभारीला कॉ. गोदूताई परुळेकर यांच्या नावाची महिला विडी कामगारांची गृहनिर्माण संस्था आहे. दहा हजार घरं. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प उभा राहिला. त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान नरेंद्र मोदींनी केलं. नरसय्या आडम मास्तरांनी आणि लाल बावट्याच्या कामगारांनी लढून मिळवलेलं हे काम आहे आणि सोलापूरने त्याचा अभिमान बाळगावा. पण अभिमानाबरोबर प्रश्नही विचारावा. कामाला शहरात आणि राहायला कुंभारीला असलेल्या या हजारो कुटुंबांना सज्जाला तडा गेला, ड्रेनेजचं पाणी पायात मुरलं, तर कोणत्या दारात जायचं? ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिका की संस्थेचं ऑफिस? फोटोसाठी दोन पंतप्रधान येऊन गेले. तडा दाखवायला एक खिडकी मात्र ठरलेली हवी, आणि ती कोणती हे दहा हजारांतल्या शेवटच्या बाईला तोंडपाठ हवं.

चौथी गोष्ट भाषेची. पूर्व भागात घरी तेलुगू, अक्कलकोट बाजूला कन्नड, कितीतरी मोहल्ल्यांत उर्दू. आणि नोटीस कोणत्या भाषेत? 'सदरहू मिळकत', 'उपरोक्त विषयान्वये', 'तात्काळ निष्कासित करावी'. हे मराठी मला कळायला दोनदा वाचावं लागतं. आयुष्यभर विड्या वळलेल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या आजींनी यातून काय घ्यावं? माहिती अधिकार कायदा 2005 चा आहे. त्याच्या कलम 4 मध्ये स्वतःहून उघड करायच्या माहितीबद्दल स्पष्ट लिहिलंय की ती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सगळ्यात परिणामकारक ठरणारं माध्यम यांचा विचार करावा. जी घंटागाडी रोज गल्लीत गाणी वाजवत येते ती पावसाळ्यापूर्वी चार भाषांत दोन मिनिटं हेही बोलू शकते.

"लोक घाबरतील"

विरोधात जे बोललं जातं ते मला ठाऊक आहे.

म्हणतात, माहिती उघड केली तर लोक घाबरतील. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाइड इथं शँप्लेन टॉवर्स साउथ नावाची बारा मजली इमारत होती. 2018 मध्ये इंजिनिअरने लिहून दिलं की पोहण्याच्या तलावाभोवतीच्या डेकखालच्या स्लॅबला मोठी इजा झालीय. त्याच वर्षी गावच्या इमारत अधिकाऱ्याने रहिवाशांना सांगितलं की इमारत उत्तम स्थितीत आहे. मग खर्च कोणी किती द्यायचा यावर सभांमागून सभा. 24 जून 2021 च्या मध्यरात्रीनंतर ती पडली. 98 माणसं गेली. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 ला 72 माणसं जळून मेली, आणि तिथले रहिवासी आधीपासून लेखी तक्रारी करत होते. श्रीमंत देश, चांगले इंजिनिअर, कागद तयार. तरीही माहिती होती तिथून हवी होती तिथं पोचली नाही. ग्रेनफेलनंतर ब्रिटनने 2022 मध्ये कायदा करून उंच निवासी इमारतींच्या जबाबदार माणसावर रहिवाशांना सुरक्षेची माहिती देण्याचं बंधन घातलं. आपल्याला 72 होईपर्यंत थांबायची गरज नाही.

म्हणतात, फ्लॅटच्या किमती पडतील. पडतीलही. पण मग आज तुम्ही ज्या किमतीला विकताय ती समोरच्या माणसाला अंधारात ठेवून मिळणारी किंमत आहे. समोरचाही बहुधा तुमच्यामाझ्यासारखाच कर्ज काढून घर घेणारा असतो.

म्हणतात, 'धोकादायक' शिक्क्याचा वापर बिल्डर आणि मालक भाडेकरूंना हुसकावायला करतात. ही भीती खरी आहे, आणि सगळ्यात गंभीरही. शासनाच्या वर्गवारीत सी-1 म्हणजे राहण्यास अयोग्य, पाडावी लागणारी. सी-2अ आणि सी-2ब म्हणजे मोठ्या दुरुस्तीच्या, एक रिकामी करून आणि दुसरी रिकामी न करता. सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. सी-1 आणि सी-2ब यांच्यात एका भाडेकरूचं अख्खं आयुष्य बसतं. पण अशा फसवणुकीला बंद कपाटच सोयीचं असतं. रिपोर्ट उघड असेल तर भाडेकरू दुसऱ्या इंजिनिअरला दाखवेल, आव्हान देईल. मुंबईत दोन रिपोर्ट जुळले नाहीत तर तांत्रिक सल्लागार समितीकडे जाता येतं. तशी सोय सोलापुरातल्या भाडेकरूलाही माहीत असली पाहिजे. आणि घर रिकामं करायला सांगताना त्याच्या ताब्यातली जागा मोजून, सही-शिक्क्यानिशी त्याच्या हातात कागद द्या. माणसं मरणाच्या हौसेने पडक्या वाड्यात राहत नाहीत. बाहेर पडलो तर परत आत येता येणार नाही, या भीतीने राहतात.

म्हणतात, महापालिकेकडे माणसं नाहीत. खरंय. पण मी नवी तपासणी मागत नाहीये. जे रिपोर्ट, जे फॉर्म, ज्या नोटिसा आधीच कुठल्यातरी फायलीत आहेत, त्या दाखवा एवढंच म्हणतोय.

आणि कृपा करून नवं ॲप काढू नका. हे मी ॲप बनवून पोट भरणारा माणूस सांगतोय. उद्घाटन होईल, पहिल्या दिवशी डाउनलोड होतील, सहा महिन्यांनी लॉगिनचा ओटीपी येणं बंद होईल. ज्या क्रमांकावर आपण घरपट्टी भरतो त्याच मिळकत क्रमांकावर पाच ओळी दिसल्या तरी पुरे. इमारतीचं वय, शेवटचं ऑडिट कधी, वर्ग कोणता, अग्निसुरक्षेचा शेवटचा फॉर्म कधी, दिलेल्या नोटिसा आणि त्यांचं पुढं काय झालं. थकबाकी आपल्याला घरबसल्या दिसते. मग धोका का दिसू नये?

आपण काय करायचं

मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यापासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत सोलापूरचा कारभार प्रशासकाच्या हातात होता. जवळपास चार वर्षं विचारायला प्रभागात कोणी नव्हतं. आता 102 नगरसेवक आहेत. बहुतेक प्रभागांत चार-चार असल्याने प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो, म्हणून सगळ्यांनाच एकच लेखी प्रश्न एकाच दिवशी पाठवा: आपल्या प्रभागातल्या धोकादायक इमारतींची यादी आणि प्रत्येकीवर झालेली कारवाई. महापालिकेकडे तेच माहिती अधिकारात मागा.

सोसायटी थेट माहिती अधिकाराखाली येत नाही. सहकारी संस्था केवळ नोंदणीकृत आहेत म्हणून सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलंय. पण सहकार कायद्यात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यानुसार सभासदाला फी भरून संस्थेच्या कागदपत्रांच्या प्रती मागता येतात आणि संस्थेने त्या 45 दिवसांत द्यायच्या असतात. ग्रुपवर भांडू नका. सभासद आई असेल तर आईच्या सहीने अर्ज करा, पोच घ्या. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर 'ऑडिट अहवालाचं वाचन आणि दुरुस्ती निधी' हा विषय आधीच लेखी मागून घ्या, नाहीतर ऐनवेळी 'हा विषय अजेंड्यावर नाही' हे वाक्य ऐकायला मिळेल. आणि वर्गणी वाढवायचा ठराव आला तर हात वर करा. उघडपणा मागायचा आणि आठशे रुपये द्यायचे नाहीत, हे चालणार नाही.

आपल्यातले बहुतेक जण पुण्यात, हिंजवडीत नाहीतर खराडीत, भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून हे वाचत असतील. घरी फोन केला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पाणी आलं का?" त्याच्या पाठोपाठ अजून एक प्रश्न विचारायला लागू. "रिपोर्ट दाखवला का?" दर रविवारी विचारू. उत्तर मिळेपर्यंत विचारू. कमिटीतल्या काकांना आपला कंटाळा आला तरी चालेल.